भूकंपशास्त्राचे अध्वर्यू ओमोरी आणि एक चुकलेला अंदाज

१ सप्टेंबर १९२३. सिडनीजवळच्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेत एक जपानी पाहुणे भूकंपमापक यंत्र पाहत असतानाच त्याची सुई जोराने हलू लागली. पाहुणे होते जगद्विख्यात भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी. सुई ज्या विनाशाची नोंद करीत होती तो त्यांच्याच टोकियो शहरात घडत होता. असा भूकंप इतक्यात होणार नाही, अशी ग्वाही त्यांनीच सतरा वर्षांपूर्वी टोकियोवासीयांना दिली होती.

ओमोरी यांचा जन्म १८६८ साली फुकुई येथे झाला. टोकियोच्या शाही विद्यापीठात जॉन मिल्न आणि सेइकेई सेकिया यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडले. १८९१ च्या नोबी भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या धक्क्यांच्या नोंदी अभ्यासून ओमोरी यांनी १८९४ मध्ये एक नियम मांडला : मुख्य भूकंपानंतर जसजसा काळ लोटतो, तसतशी पश्चात धक्क्यांची संख्या साधारण त्याच प्रमाणात घटत जाते. हा नियम किंचित सुधारित स्वरूपात आजही वापरात आहे. त्यांनी तयार केलेली भूकंपमापक यंत्रे अनेक देशांत पोहोचली. १९०५ च्या कांगडा भूकंपाच्या अभ्यासासाठी ते भारतातही आले होते.

त्याच वर्षी त्यांचे सहकारी आकित्सुने इमामुरा यांनी एका मासिकात लेख लिहिला. टोकियोने १६४९, १७०३ आणि १८५५ साली मोठे भूकंप अनुभवले होते. त्यावरून पुढील पन्नास वर्षांत पुन्हा तसा भूकंप संभवतो आणि लाकडी घरांच्या या शहरात आग भडकल्यास लाखभर लोक प्राणास मुकतील, असा त्यांचा इशारा होता. आगीपासून बचावाची तयारी व्हावी, हा त्यामागील हेतू. परंतु जानेवारी १९०६ मध्ये एका दैनिकाने त्यातील भीतीचा भाग तेवढा उचलला आणि शहरात घबराट पसरली.

ओमोरी यांनी जाहीरपणे इमामुरा यांचे म्हणणे खोडून काढले. अवघ्या तीन घटनांच्या सरासरीवरून भाकीत करणे त्यांना अशास्त्रीय वाटले. हा आक्षेप रास्तच होता. मात्र तारीख सांगता येत नाही, यावरून धोका नाही असा अर्थ जनतेपर्यंत गेला. लोक निश्चिंत झाले, तर इमामुरा यांच्या वाट्याला उपेक्षा आली.

सप्टेंबर १९२३ च्या त्या दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी धरणी हादरली तेव्हा घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. ७.९ तीव्रतेच्या या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सुमारे एक लाख पाच हजार बळी गेले. हानी सर्वत्र सारखी नव्हती. पश्चिमेकडील उंच, घट्ट जमिनीवरील वस्त्या तुलनेने तगल्या. सुमिदा नदीकाठचा गाळाचा सखल भाग उद्ध्वस्त झाला. तेथील होंजो भागात लष्करी कपडे कोठाराच्या मोकळ्या जागेत आश्रय घेतलेले सुमारे ३८ हजार लोक आगीच्या वावटळीत होरपळून मेले.

ओमोरी तातडीने मायदेशी निघाले. मेंदूतील गाठीने ते आधीच ग्रासले होते. ऑक्टोबरात जहाज योकोहामाला लागले तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला इमामुरा गेले होते. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी ओमोरी यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागी इमामुरा आले.

आज भूकंपाच्या धोक्याचे मूल्यमापन दोन पातळ्यांवर होते. एखाद्या प्रदेशाला किती वर्षांत किती मोठा धक्का बसण्याची शक्यता आहे, हे जुन्या नोंदी व भूगर्भातील भ्रंश सांगतात. तर गल्लीबोळातील माती, घरे आणि पाण्याची सोय यांवरून प्रत्यक्ष हानी ठरते. पहिल्या पातळीवरचा अंदाज नेहमीच अनिश्चित राहणार. दुसऱ्या पातळीवरची तयारी मात्र त्यासाठी थांबवायची नसते. ओमोरी यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या चुकीने शिकवलेला हा धडा टोकियोला फार महाग पडला.