सरखेल कान्होजी आंग्रे

आज ४ जुलै. १७२९ साली याच दिवशी सरखेल कान्होजी आंग्रे निवर्तले. त्यांची समाधी अलिबागेस आहे आणि मुंबईतील नौदलाच्या तळास १९५१ पासून त्यांचे नाव आहे. पण देशावरच्या माणसास समुद्र परकाच. आम्ही एकेकाळी भूमच्या शाळेत इतिहास शिकवीत असू. बालाघाटच्या कुशीत वाढलेल्या त्या मुलांपुढे पानिपत सहज उभे राही. गुराब मात्र खडूने फळ्यावर काढून दाखवावी लागे.

गुराब म्हणजे उथळ बुडाची, दोन वा तीन डोलकाठ्यांची, नाळेवर तोफा चढविलेली युद्धनौका. वारा पडला की वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत आणि शत्रूच्या अवजड जहाजावर, जिथे त्याच्या तोफा थोड्या असत त्या पिछाडीकडून, मारा करीत. १६९८ मध्ये सिधोजी गुजरांच्या मागून मराठी आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली, तेव्हा स्वराज्य मोगलांशी झुंजत होते आणि किनाऱ्यास त्यांच्यावाचून त्राता नव्हता. शाहू व ताराबाई यांच्या कलहात ते प्रथम ताराबाईंच्या पक्षास होते. शाहूंनी धाडलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांनाच त्यांनी १७१३ मध्ये कैद केले. पुढे बाळाजी विश्वनाथांनी शस्त्र न उपसता, केवळ बोलण्याने त्यांस शाहूंकडे वळविले. दोघांच्याही शहाणपणाची ही साक्ष होय.

इंग्रजांनी त्यांस चांचा म्हटले. वास्तविक आपला परवाना नसलेले जहाज पकडण्याचा प्रघात या समुद्रात पोर्तुगीजांनीच दोन शतके चालविला होता. कान्होजींनी एवढेच ठरविले की, कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने दस्तक घ्यावयाचे ते सरखेलांचे. जो घेणार नाही, त्याचे जहाज जप्त. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराचे जहाजही यातून सुटले नाही. हा हक्क मोडण्यासाठी इंग्रज १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर चालून गेले. दोन्ही वेळा हात हलवीत परतले. १७२१ च्या अखेरीस त्यांनी पोर्तुगीजांस जोडीस घेऊन कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाची चार जहाजेही मॅथ्यूजच्या हुकुमाखाली आली होती. त्या वेळी बाजीराव फौजेनिशी कुलाब्याच्या मदतीस धावले. हल्ला फसला, पोर्तुगीजांनी निराळा तह उरकला आणि इंग्रज एकटे पडले.

घाटावरची फौज आणि किनाऱ्यावरचे आरमार एकमेकांस धरून होते, तोवर कुलाबा अजिंक्य राहिला. कान्होजींच्या मागे पुत्रांत भाऊबंदकी माजली. पेशवे व तुळाजी आंग्रे यांचे वैर विकोपास गेले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, तेव्हा जमिनीवरून त्यांच्या साथीस नानासाहेब पेशव्यांचेच सैन्य होते. किल्ल्याच्या आश्रयास नांगरलेले आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी पेटले आणि पाहता पाहता भस्म झाले. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागले. त्यांचे उरलेले आयुष्य कैदेत, डोंगरी किल्ल्यांवर, समुद्रापासून दूर गेले.