सर्फबोर्डला दिशा देणारे टॉम ब्लेक

मुल्की, कोवलम किंवा महाबलीपुरमच्या वाळूत उलटा ठेवलेला सर्फबोर्ड पाहिला, तर त्याच्या मागील टोकाशी माशाच्या परासारखी छोटी पाती दिसतात. त्यांना फिन म्हणतात. हवाईचे लोक शतकानुशतके लाटांवर स्वार होत आले, पण त्यांच्या फळ्यांचा तळ पात्याविनाच राहिला. त्या तळाला पहिले पाते १९३५ मध्ये टॉम ब्लेक यांनी बसवले.

ब्लेक यांचा जन्म ८ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील मिल्वॉकी येथे, समुद्रापासून शेकडो मैल दूर झाला. आई ते तान्हे असतानाच क्षयाने गेली आणि पुढे नातेवाइकांनी त्यांना वाढवले. १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या साथीत शाळा बंद पडली, ती त्यांच्यापुरती कायमचीच. १९२० मध्ये डेट्रॉइटमधील एका चित्रपटगृहात हवाईचे ऑलिंपिक विजेते जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यांची भेट झाली. या भेटीने त्यांचे आयुष्य बदलले. ब्लेक कॅलिफोर्नियात गेले, जीवरक्षक व जलतरणपटू म्हणून नावारूपाला आले आणि १९२४ मध्ये हवाईला पोहोचले.

होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या लांब फळ्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. तशीच फळी घडवताना वजन कमी व्हावे म्हणून त्यांनी लाकडात शेकडो भोके पाडली आणि वरून पातळ फळ्यांनी ती झाकली. पुढे आतून सांगाडा असलेला पोकळ बोर्ड त्यांनी तयार केला. त्याचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी जीवरक्षकांनीही हा बोर्ड आपलासा केला.

मात्र हलका बोर्ड हट्टी निघाला. लाटेच्या उतारावर तिरके धावताना त्याचे मागचे टोक एकाएकी घसरे आणि स्वार पाण्यात फेकला जाई. वळायचे तर एक पाय पाण्यात ओढत न्यावा लागे. सपाट तळ बोर्डाला पाण्यावर उचलून धरतो, परंतु बाजूला सरकणे रोखण्यासाठी त्याच्याजवळ जवळजवळ काहीच नसते.

वाईकीकी येथे ब्लेक यांनी एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीच्या तळाचे धातूचे पाते काढून आपल्या बोर्डाला जोडले. सुमारे एक फूट लांब आणि चार इंच खोल, एवढाच त्याचा पसारा. पहिल्याच फेरीत बोर्ड वळणावर स्थिर राहिला.

एवढ्याशा पात्याचे बळ जलगतिकीत आहे. टोक घसरू लागताच पाते पाण्याला किंचित तिरके भिडते. एका बाजूचा दाब वाढतो, दुसऱ्या बाजूचा घटतो आणि टोकाला परत ढकलणारे आडवे बल निर्माण होते. विमानाच्या पंखावरील उचल हीच, फक्त आडवी. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते. शिवाय फिन अगदी मागे असल्याने लांब तरफेचा लाभ मिळतो. बाणाची पिसे मागे असतात तीही याचसाठी. किंमत इतकीच, की पात्यामुळे पाण्याचा विरोध थोडा वाढतो. तसेच तिरकेपणा फार वाढला, तर प्रवाह पात्यापासून सुटतो आणि पकड अचानक जाते. ब्लेक यांचे पाते लांब पण उथळ होते. पुढच्या पिढ्यांनी ते आखूड व खोल केले, कारण तेवढ्याच क्षेत्रफळात खोल पाते कमी विरोधात अधिक बल देते.

तरीही जवळपास दहा वर्षे बहुतेकांनी फिनकडे पाठच फिरवली. १९३७ मध्ये होनोलुलूतील काही तरुणांनी वेगळाच मार्ग काढला; मागचे टोक तासून ते निमुळते, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे केले, म्हणजे ते पाण्यात रुतून धरावे. उपाय हुशारीचा होता आणि चाललाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र फिन रुळली. बॉब सिमन्स यांनी रुंद टोकाच्या बोर्डांना दोन फिन लावल्या, तर १९८० नंतर ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांची तीन फिनची मांडणी जगभर गेली.

पोकळ बोर्डाचे पेटंट घेणाऱ्या ब्लेक यांनी फिनचे पेटंट घेतले नाही. श्रीमंती त्यांच्याकडे कधी आली नाही आणि तिच्यामागे ते धावलेही नाहीत. शाकाहारी, एकाकी, निसर्गालाच ईश्वर मानणारा हा माणूस अखेरीस आपल्या विस्कॉन्सिन राज्यात परतला. तेथेच, ५ मे १९९४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.