टायरवर नाव डनलॉपचं, पेटंट मात्र रद्द!

डनलॉप हे नाव टायरवर वाचलंय ना? १८४० मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले जॉन बॉइड डनलॉप हे मूळचे जनावरांचे डॉक्टर. दवाखाना बेलफास्टला. तेव्हा सायकलला भरीव रबराचे टायर असायचे. दगडी रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची. १८८७ मध्ये त्यांनी मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. सायकल हलकी पळू लागली. पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं. १८८९ मध्ये विली ह्यूमने बेलफास्टच्या शर्यती याच टायरवर मारल्या आणि रेसवाले हवेच्या टायरकडे वळले.

पण गंमत म्हणजे, रॉबर्ट थॉमसन यांनी घोडागाड्यांच्या काळात, १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं! डनलॉप यांचं पेटंट रद्द ठरलं. काही वर्षांत ते कंपनीतूनही बाहेर पडले. १९२१ मध्ये डब्लिनला वारले तेव्हाही टायर त्यांच्याच नावाने विकले जात होते.