थोर गोलंदाज बाळू पालवणकर

मधल्या सुट्टीत आम्ही मुलं शाळेमागच्या मैदानात क्रिकेट खेळतो. कपाशीच्या तीन पऱ्हाट्या रोवल्या की झाल्या यष्ट्या. बॅट माझी आहे. माझ्या मामाने ती जळगावहून आणली. म्हणून कप्तान रोज मीच. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचा चेंडू असा वळतो की सातवीची मोठी मुलंसुद्धा चकतात. पण तो एकदाही कप्तान झाला नाही, कारण त्याच्याकडे बॅट नाही. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. मग एका शनिवारी बाईंनी गोष्टीच्या तासाला बाळू पालवणकर यांची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी या भित्तिपत्रकात लिहीत आहे. सर्वांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

बाळूचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील इंग्रजांच्या पलटणीत नोकरीला होते. पुढे ते सर्व पुण्यास राहू लागले. बाळूला शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे तीन धाकटे भाऊ होते. हे कुटुंब चर्मकार समाजाचे होते. त्या काळी अशा लोकांना अस्पृश्य मानत. त्यांना विहिरीवर, देवळात येऊ देत नसत. घरची गरिबी होती. पलटणीतल्या साहेबांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन ही मुलं खेळायला शिकली.

बाळू लहान वयातच कामाला लागला. पुण्यात पारशी लोकांचा एक क्रिकेट क्लब होता. तिथे खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा, हे त्याचे काम. पगार महिना ३ रुपये. पुढे तो इंग्रजांच्या क्लबात गेला. तिथे ४ रुपये मिळू लागले. खेळपट्टीवर पाणी मारणे, ती दाबून सपाट करणे, चुन्याच्या रेघा ओढणे, जाळ्या उभ्या करणे अशी कामे तो करी.

मित्रांनो, हे काम सोपे नसते. आमच्या घरी दर वर्षी खळे करतात. आधी पाणी शिंपडायचे, मग जमीन चोपायची, मग शेणाने सारवायची. एक दिवस काम केले तर माझे हात दुखून आले. आपल्याकडची काळी जमीन तर उन्हाने परत तडकते. बाळू हे काम रोज करत होता आणि खेळत मात्र दुसरेच होते.

इंग्रज साहेबांना फलंदाजीचा सराव करायला कोणीतरी चेंडू टाकणारा लागायचा. मग बाळूला बोलवायचे. बाळू डाव्या हाताने हळू चेंडू टाकी. चेंडू जमिनीवर पडला की कधी इकडे वळे, कधी तिकडे. ग्रेग नावाचा एक मोठा इंग्रज फलंदाज होता. तो सगळ्यांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूकडून चेंडू टाकून घेई. बाळूने आपल्याला बाद केले की तो दर वेळी ८ आणे बक्षीस देई, असे सांगतात. ८ आणे म्हणजे आताचे ५० पैसे. पण तेव्हा बाळूचा महिन्याचा पगार ४ रुपये होता. म्हणजे आठ वेळा बाद केले की झाला एक पगार! तरी पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे बाळूला फलंदाजी कधी करू दिली नाही. बॅट फक्त साहेबांनी धरायची.

बाळूच्या गोलंदाजीची बातमी पुण्यात पसरली. पुण्यातल्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते. बाळूला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही म्हणाले घ्या, काही म्हणाले आपल्यात बसवू नका. शेवटी त्याला घेतले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत, कारण चेंडू एकच असतो. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून कपबशीतून चहा पीत, आणि बाळूला बाहेर उभे करून मातीच्या भांड्यात चहा देत. ते भांडे नंतर टाकून द्यायचे. जेवायलाही त्याचे पान वेगळे मांडत. ज्याच्यामुळे सामना जिंकायचा त्यालाच बाहेर बसवायचे, हे ऐकून आमचा वर्ग एकदम गप्प झाला.

ही गोष्ट मी घरी आबांना आमच्या अहिराणीत सांगितली. मला वाटले आबा म्हणतील की हे फार जुने आहे. पण आबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले, की त्यांच्या लहानपणी एका गावच्या चहाच्या हॉटेलात काही लोकांच्या कपबशा वेगळ्या, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या असत. आबा आत बसून चहा पीत. ते रोज दिसत होते, पण आपण कधी बोललो नाही, असे आबा म्हणाले. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

आता पुढची गोष्ट. एकदा पुण्याच्या संघाचा सामना साताऱ्याला इंग्रजांशी होता. बाळूची फिरकी चालू नये म्हणून त्या लोकांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला, असे सांगतात. पण खेळपट्टीची नोकरी करणाऱ्यालाच खेळपट्टी कळते ना! बाळूने ७ गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला.

नंतर बाळू मुंबईला गेले. रेल्वेत नोकरी करू लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्या काळी मुंबईत धर्माप्रमाणे संघ असत. आधी इंग्रज आणि पारशी खेळत, मग हिंदू आले आणि १९१२ पासून मुसलमानांचाही संघ आला. ही स्पर्धा १९४६ साली बंद झाली. आता तसे संघ नसतात, ते बरे झाले.

१९०६ साली मुंबईत हिंदू विरुद्ध इंग्रज असा मोठा सामना झाला. बाळू आणि शिवराम दोघे भाऊ संघात होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, इंग्रजांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. मग इंग्रजांचा दुसरा डाव आला. बाळूंची गोलंदाजी सुरू झाली आणि सगळे १०२ धावांत बाद! आम्ही वर्गात फळ्यावर गणित केले. हिंदूंच्या ४०२, इंग्रजांच्या २९३. वजाबाकी केली तर १०९ धावांनी विजय. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. राज्य करणारे हरले म्हणून लोकांना किती आनंद झाला असेल! आणखी चांगली गोष्ट म्हणजे मुंबईच्या संघातल्या खेळाडूंनी या भावांना आपल्यासोबत जेवायला बसवले. पुण्यात जे झाले नाही ते इथे झाले.

१९११ साली भारताचा संघ बोटीने इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग होते. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते आणि त्यांचा खांदा दुखत होता. आपला संघ बरेच सामने हरला. पण बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ गडी बाद केले. लिस्टर परगण्याच्या संघाला आपण हरवले, त्या सामन्यात त्यांनी ११ गडी टिपले. सॉमरसेटच्या सामन्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढल्या आणि आपण फक्त एक गडी राखून जिंकलो. ज्या साहेबांनी बाळूंच्या हातात बॅट दिली नव्हती, त्यांच्याच देशात जाऊन दोघा भावांनी असे नाव काढले. परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकरांना तेव्हा बाळूंचा फार अभिमान वाटे.

आता मला सर्वात महत्त्वाचे सांगायचे आहे. बाळू संघात सर्वात अनुभवी होते, सर्वात चांगले गोलंदाज होते, पण त्यांना कप्तान कधीच केले नाही. दर वर्षी दुसरा कोणी कप्तान होई. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले. ते चांगले मनाचे होते. हा मान खरा बाळूंचा होता, असे त्यांनी आपल्याच सत्काराच्या सभेत सर्वांसमोर सांगितले. मान मिळत असताना असे बोलायला मोठे मन लागते.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल यांनाही डावलून कप्तान दुसऱ्यालाच केले. तेव्हा या दोन भावांनी आम्ही खेळणार नाही असे जाहीर केले. त्यांनी भांडण केले नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. पण अपमान सोसून खेळणार नाही, एवढे मात्र साऱ्या मुंबईला कळवले. खूप लोक त्यांच्या बाजूने झाले. मग शेवटच्या सामन्यासाठी भावांना परत बोलावले आणि बाळूंना उपकप्तान केले. सामना चालू असताना कप्तान पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

पुढे १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला. त्याच्या हाताखाली हिंदूंनी इंग्रजांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांनाच आता खांद्यावर घेतले! मला वाटते, हा विजय थोडा बाळूंचाही होता.

बाळूंनी मोठ्या दर्जाचे ३३ सामने खेळून १७९ गडी बाद केले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. म्हणून त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही. त्याच वर्षी पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण अस्पृश्यता जावी असे दोघांनाही वाटत होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आमच्या शाळेत पाण्याची टाकी एकच आहे. दुपारची खिचडी आम्ही सगळे एका पंगतीत बसून खातो. हे मला रोजचेच वाटायचे. आता पंगतीत बसलो की बाळूंचे ते मातीचे भांडे आठवते.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी बॅट त्या मुलाच्या हातात दिली आणि आजपासून कप्तान तू असे सांगितले. तो आधी खरे मानेना. मग त्याने सगळ्यांना जागा नेमून दिल्या. मला त्याने पार लांब, बाभळीजवळ उभे केले. थोडा राग आला, पण गेलो. आणि खरंच, झेल तिथेच आला. मी तो पकडला. आम्ही सातवीच्या मुलांकडून पहिल्यांदा जिंकलो.

ज्याच्या अंगी गुण आहे त्याला मान द्यावा, हे मी बाळू पालवणकरांच्या चरित्रातून शिकलो. पालकांनो, तुम्हाला ही गोष्ट आवडली तर घरी जाऊन आजी-आजोबांना पण सांगा. आणि ते काय बोलतात ते नीट ऐका.

इयत्ता ४ थी