विश्लेषण : शस्त्रक्रियेआधी पाणीही बंद? लिस्टर यांनी १८८३ मध्ये काय सांगितले होते?

शस्त्रक्रिया दुपारची असली तरी आदल्या रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, अशी सूचना अनेक रुग्णांना आजही मिळते. मात्र, घन अन्न आणि पेय यांना एकच नियम नको, हे ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी सुमारे १४० वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

कोण होते लिस्टर?

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील एसेक्समध्ये झाला. लंडनमध्ये शिक्षण घेतल्यावर ते एडिंबरा येथे जेम्स साइम यांच्या हाताखाली काम करू लागले. १८५६ मध्ये साइम यांची कन्या ॲग्नेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८६० मध्ये ते ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. तेथे १२ ऑगस्ट १८६५ रोजी त्यांनी पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाची उघडी जखम कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्टीने झाकली. जखम चिघळली नाही, पाय वाचला. त्याआधी त्यांच्याकडे अवयव कापाव्या लागलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी सहा.

भुलीबाबत त्यांचे म्हणणे काय?

भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया मंदावते. पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत गेले तर जीवावर बेतते. लिस्टर यांनी शल्यशास्त्राच्या एका ग्रंथात भुलीवर प्रकरण लिहिले. क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावे. पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचे पातळ सूप देणे हितकारक ठरते, असे १८८३ च्या आवृत्तीत त्यांनी नमूद केले.

मग हा भेद मागे का पडला?

१९४६ मध्ये अमेरिकी डॉक्टर कर्टिस मेंडेल्सन यांनी प्रसूतीवेळी भूल दिलेल्या महिलांमध्ये पोटातील आम्ल फुप्फुसात गेल्याने होणारी हानी दाखवली. त्यानंतर सावधगिरी वाढली आणि हळूहळू घन व द्रव सगळेच मध्यरात्रीपासून बंद झाले.

आज काय मानले जाते?

पाण्यासारखी पारदर्शक पेये निरोगी जठरातून लवकर पुढे सरकतात. त्यामुळे नियोजित शस्त्रक्रियेत भुलीच्या दोन तास आधीपर्यंत ती चालतात. हलक्या आहारासाठी आणि दुधासाठी सहा तासांचे अंतर लागते. म्हणजे आपला दुधाचा चहा यात बसत नाही. अनेक ठिकाणी सुमारे ४०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम कर्बोदके असलेले पेय देतात. रात्रभराच्या उपवासाने शरीर साठ्यावर जगू लागते आणि शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. या पेयाने तो फटका सौम्य होतो, तहान-भूकही कमी जाणवते. गुंतागुंत मात्र घटतेच, असे सिद्ध झालेले नाही.

मधुमेह, जठर रिकामे होण्यास विलंब किंवा तातडीची शस्त्रक्रिया असल्यास नियम वेगळे असतात. त्यामुळे किती वाजेपर्यंत काय प्यायचे, हे भूलतज्ज्ञांनाच विचारावे.

लिस्टर यांचे १० फेब्रुवारी १९१२ रोजी निधन झाले. जंतुनाशक शस्त्रक्रियेसाठी जग त्यांना ओळखते. त्यांच्या कपभर चहाचा सल्ला वैद्यकशास्त्राने पुन्हा स्वीकारायला मात्र सुमारे शंभर वर्षे लागली.