संस्कृत की जर्मन? बाबासाहेबांना निवडच मिळाली नव्हती

२०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मनऐवजी संस्कृत आणल्यावर देशभर वाद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र शाळेत निवडच नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचं होतं. 'अस्पृश्य' म्हणून ते नाकारलं गेलं, नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले.

पुढे संस्कृत ते स्वतःच्या बळावर शिकले. जर्मनही शिकले. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं: लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू असतानाच, १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं, तेही संस्कृतसाठी! ते शिक्षण पुरं झालं नाही.

१९४९ मध्ये कायदामंत्री असताना, संस्कृत भारताची राजभाषा व्हावी या दुरुस्तीला त्यांनी पाठिंबा दिला.