विश्लेषण : एल बिअरचे उरलेले यीस्ट परळमध्ये गर्भवतींचे औषध कसे ठरले?

सरकारी दवाखान्यात गर्भवतींना मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. या फॉलिक अ‍ॅसिडचा माग पहिल्यांदा लागला तो परळच्या हाफकिन संस्थेतील संशोधनातून, आणि तोही इंग्लंडमध्ये एल बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टमुळे. हे काम डॉ. ल्युसी विल्स यांचे.

कोण होत्या ल्युसी विल्स?

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डमध्ये झाला. केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचे शिक्षण १९११ मध्ये पूर्ण केले. केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे! पहिल्या महायुद्धात केप टाउनला रुग्णसेवा केल्यावर त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये काम करत असताना १९२८ मध्ये त्यांना मुंबईचे बोलावणे आले. बाळंतपणातील मृत्यूंच्या चौकशीत रक्तक्षयाचा भाग त्यांना पाहायचा होता.

मुंबईत काय आढळले?

गिरणगावात त्या वर्षी सहा महिन्यांचा संप झाला होता. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींना गंभीर रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकींचा जीव जाई. या स्त्रियांच्या रक्तातील लाल पेशी कमी तर होत्याच, शिवाय नेहमीपेक्षा मोठ्या आणि अपक्व होत्या. आधी जंतुसंसर्गाचा संशय तपासला गेला. पण बोट वळले ते जेवणाकडे. ताटात भाजीपाला, फळे, मांस जवळजवळ नसे. हा आजार गरीब मुस्लिम स्त्रियांत अधिक दिसला.

तसाच निकृष्ट आहार उंदरांना दिला, तेव्हा त्यांनाही रक्तक्षय झाला. यीस्ट दिल्यावर तो टळला. मात्र पुढे कळले, की उवांमुळे झालेल्या संसर्गाने उंदरांचे निष्कर्षच बिघडवले होते. मग माकडांवर प्रयोग झाले. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क चाटवताच आजारी माकड सुधारले आणि पाठोपाठ रुग्ण स्त्रियाही. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष छापून आले. यकृताचा अर्कही चाले, पण तो महाग. गिरणी कामगाराच्या घरात परवडणार कुणाला?

यीस्टमध्ये असे काय होते?

एल बनवताना मोड आणून वाळवलेले बार्ली कोमट-गरम पाण्यात भिजवतात, म्हणजे त्यातील स्टार्चची साखर होते. तो गोड रस हॉप्स घालून उकळतात, निववतात आणि यीस्ट सोडतात. एलचे यीस्ट फेसाबरोबर वर येते. साखर खाऊन ते कित्येक पटींनी वाढते, म्हणून प्रत्येक घाण्यामागे भरपूर उरते. बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावात १९०२ मध्ये मार्माइट कंपनी निघाली ती याच उरलेल्या मालावर. मीठ आणि उष्णतेने यीस्टच्या पेशी फोडून आतले सत्त्व आटवले, की मार्माइट तयार होते. सत्त्व यीस्टमध्ये उरते, पेल्यात नव्हे. उलट दारू शरीरातील फोलेट घटवते. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.)

पेशी दुभंगण्यासाठी डीएनएची नवी प्रत लागते आणि ती बनवायला फोलेट हवे. ते नसेल तर पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही. गर्भारपणात ही गरज वाढते.

पुढे काय झाले?

अर्कातील नेमका पदार्थ विल्स यांच्या हाती लागला नाही. काही वर्षे तो ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचे फॉलिक अ‍ॅसिड असे बारसे झाले. विल्स यांचे नाव मागे पडले. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही आहार आणि रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी त्या जमैका, फिजीपर्यंत फिरल्या. चेल्सीत नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.